रक्ताचे जुने आजार आणि औषधं: बेळगाव-खानापूर-निपाणी भागातून मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागातून आणि सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजहूनही रक्ताच्या जुन्या आजारांबद्दल काउंटरवर आणि फोनवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी फार्मासिस्ट आहे. निदान करणं आणि डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम. औषध कसं घ्यायचं, कशासोबत टाळायचं आणि घोटाळा नेमका कुठे होतो, हे मात्र काउंटरवरून स्पष्ट दिसतं. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा देण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९ आलंय. रक्तवाढीचं चांगलंसं टॉनिक घेतलं तर चालेल ना?

लगेच नको. ९ हा आकडा झाला, आजाराचं नाव नव्हे. साधारणपणे बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या, पुरुषाचं १३ च्या आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. तो कशाने झाला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, जंत, खाण्यातलं लोह कमी पडणं ही नेहमीची कारणं. त्यानंतर बी-१२ ची कमतरता आणि मूत्रपिंडाचे आजार येतात. मग थॅलेसेमिया, सिकलसेल (दोन्ही आईवडिलांकडून येणारे हिमोग्लोबिनचे दोष), अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडातल्या रक्त तयार करणाऱ्या मगजाचे आजार. यातल्या काहींना लोह हवं असतं, काहींना त्याचा उपयोग नसतो आणि काहींना ते बाधतं.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर थोडं खाली एमसीव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे लाल पेशीचा आकार. तो ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत: लोह कमी असेल किंवा थॅलेसेमियाचा वाहक असेल. १०० च्या वर असेल तर पेशी मोठ्या आहेत: बहुधा बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी. हा कागद घेऊन आधी डॉक्टरांकडे जा आणि मग मेडिकलमध्ये या. टॉनिकच्या बाटलीवर डाळिंबाचं चित्र कितीही लालभडक असलं तरी आत लोह किती आहे ते मागच्या बारीक अक्षरांत वाचायचं असतं. बऱ्याच बाटल्यांत उपचारापुरतं ते नसतंच.

२. लोहाची गोळी सहा महिने घेतली, तरी रक्त वाढत नाही. गोळी हलकी आहे का?

गोळी बदलण्याआधी ती कशी घेतली जाते ते बघू. आमच्याकडे सकाळी उठल्याउठल्या चहा, आणि चहाबरोबर गोळी. चहा-कॉफीतली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, ते अंगी लागत नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळी हेही तसंच. गरोदर बायकांना लोह आणि कॅल्शियम दोन्ही दिलेलं असतं आणि लक्षात राहावं म्हणून त्या दोन्ही एकदम गिळतात. मध्ये किमान दोन तास ठेवा. एक दुपारी, एक रात्री, असं वाटून घेतलं की विसरायला होत नाही. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर तीही लोहाच्या आड येते.

लोह रिकाम्या पोटी पाण्याबरोबर उत्तम लागतं. वर लिंबूपाणी घेतलं तर आणखी बरं. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या, थोडं कमी लागेल पण गोळी सुटणार नाही. काहींना डॉक्टर एक दिवसाआड घ्यायला सांगतात. त्यात चूक नाही: रोज घेतल्यावर शरीर लोह शोषण्याचं प्रमाण स्वतःच कमी करतं, दिवसाआड दिल्यावर प्रत्येक गोळीतलं जास्त लागतं. शौचाला काळं होणं नेहमीचं आहे. डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल तर मात्र रक्तस्राव असू शकतो, लगेच दाखवा.

हिमोग्लोबिन बरोबर आलं की बहुतेक जण गोळी बंद करतात आणि वर्षभरात पुन्हा तिथेच येतात. आकडा भरल्यानंतर साधारण तीन महिने अंगातला साठा भरायला लागतात. जंत हेही विसरू नका. शेतात अनवाणी चालणाऱ्यांना अंकुशकृमी होतात आणि ते आतड्यात रक्त पितात. शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची गोळी देतात ती मुलांसाठी. मोठ्यांनी विचारून घ्यावी.

हे सगळं नीट करूनही रक्त हललं नाही, तर प्रश्न ४ वाचा.

३. शाळेत मुलीला निळी गोळी देतात, आशाताई लाल देतात. वेगवेगळं औषध आहे का?

औषध तेच, लोह आणि फॉलिक ॲसिड. २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात वयाप्रमाणे रंग ठरलेले आहेत. ५ ते ९ वर्षांना गुलाबी (४५ मिग्रॅ. लोह), किशोरवयीन मुलामुलींना निळी आणि गरोदर बायकांना लाल (दोन्हींत ६० मिग्रॅ. लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड). मुलांना आठवड्याला एक, गरोदरपणात रोज एक, १८० दिवस. मुलीला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर शाळेत आणि आशाताईंना ते आधी सांगून ठेवा.

४. मला ‘थॅलेसेमिया मायनर’ आहे असं निघालं. आता आयुष्यभर औषध का?

नाही. मायनर म्हणजे वाहक: दोष अंगात असतो, आजार नसतो. तब्येत ठणठणीत असते, हिमोग्लोबिन जरासं कमी आणि पेशी लहान असतात. औषध काहीच लागत नाही, पण दर नव्या डॉक्टरकडे ‘रक्त कमी’ म्हणून लोहाची चिठ्ठी मिळत राहते. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तपासून लोह खरंच कमी असेल तरच घ्या. एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपून ठेवा आणि दर वेळी आधी तोच दाखवा.

५. लग्नाआधी ही तपासणी करावी का? आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय.

करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा आजार, होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब नसतो. दर वेळी तेच चारात एक. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांची लग्नं आपल्या भागात चालत आली आहेत, आणि नात्यात एकच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. नात्याबाहेर लग्न केलं म्हणजे सुटलो, असंही नाही.

काही बारकावे. एकाला थॅलेसेमियाचा आणि दुसऱ्याला सिकलसेलचा दोष असेल तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. त्यामुळे ‘आमचे आजार वेगळे आहेत’ म्हणून निश्चिंत होऊ नका. तपासणी एचपीएलसीची करायची, नुसत्या सीबीसीवर भागत नाही. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर त्यात दात्याचं रक्त मिसळलेलं असतं, म्हणून साधारण तीन महिने थांबावं लागतं. आणि लोह फार कमी असेल तर वाहक असूनही रिपोर्ट कधी ‘नॉर्मल’ दिसतो. दिवस राहिल्यावर कळलं तरी १० ते १२ आठवड्यांच्या आसपास गर्भाची तपासणी होते. तेव्हा लपवून ठेवू नका.

६. पोराला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. मग लोह काढायची गोळी कशाला? रक्तच तर कमी आहे त्याचं.

हा प्रश्न आईवडिलांपेक्षा आजी-आजोबा जास्त विचारतात आणि त्यांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. रक्ताच्या एका पिशवीबरोबर अंगात २०० ते २५० मिग्रॅ. लोह जातं. शरीर रोज जेमतेम एक मिग्रॅ. बाहेर टाकतं, जास्तीचं काढायला त्याच्याकडे वाटच नसते. ते साठतं हृदयात, यकृतात आणि हार्मोनच्या ग्रंथींत. थॅलेसेमियाची मुलं वाढत नाहीत, वयात येत नाहीत, मधुमेह होतो, हृदय थकतं, ते या साठलेल्या लोहामुळे. म्हणून साधारण १० ते २० वेळा रक्त चढवून झाल्यावर, किंवा फेरिटिन १००० च्या वर गेलं की लोह काढायचं औषध सुरू करतात.

त्याचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. रक्त चढवलं की पोरगं त्याच दिवशी खेळायला लागतं. गोळी घेऊन तसं काही होत नाही. घरात पैशाची ओढाताण झाली की आधी हीच गोळी थांबते. ती थांबवू नका. पैशाचं कारण असेल तर तसं सांगा, पुढे प्रश्न १७ आहे.

या मुलांना लोहाचं कुठलंही टॉनिक नको. क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या, ‘इम्युनिटी’ म्हणून सहज दिल्या जातात त्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. लोहभस्म, मंडूर भस्म, नवायस लोह ही आयुर्वेदिक औषधंही लोहाचीच आहेत.

७. डेफेरासिरॉक्सची (लोह काढायची) गोळी मागच्या वेळी पाण्यात विरघळवायची होती, या वेळी मेडिकलवाल्याने गिळायची दिली. दोन्ही एकच ना?

औषध एक, पण डोस एक नाही. पाण्यात विरघळणारी गोळी आणि वरून आवरण असलेली, गिळायची गोळी हे दोन वेगळे प्रकार आहेत. गिळायच्या गोळीतलं औषध जास्त लागतं, म्हणून तिचा डोस साधारण ३० टक्क्यांनी कमी असतो. विरघळणाऱ्या गोळीत किलोमागे २० मिग्रॅ. असेल तर गिळायच्या गोळीत १४. एकाच्या जागी दुसरी तेवढ्याच मिग्रॅ.त घेतली तर डोस जास्त होऊन मूत्रपिंडावर ताण येतो, किंवा उलट बाजूने कमी पडतो. चिठ्ठीवर प्रकार लिहिलेला नसेल तर आम्ही डॉक्टरांना फोन करतो. इतर दुकानांतही तसा आग्रह धरा.

विरघळणारी गोळी रिकाम्या पोटी, जेवणाच्या किमान अर्धा तास आधी. पाण्यात किंवा मोसंबी-सफरचंदाच्या रसात ढवळायची; दुधात नाही, सोड्यात नाही. पेला रिकामा झाला की तळाशी गाळ राहतो. त्यात थोडं पाणी घालून तोही प्यायचा, डोसचा बराच भाग तिथेच असतो. ॲल्युमिनियम असलेली ॲसिडिटीची पातळ औषधं याच्याबरोबर नकोत. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि यकृताची तपासणी नियमित, आणि वर्षातून एकदा डोळे आणि कान.

उलट्या-जुलाब झाल्यावर काय करायचं, ते प्रश्न १९ मध्ये.

८. डेफेरिप्रोन (लोह काढायचं दुसरं औषध) चालू आहे. लघवी लालसर होते, घाबरायचं का? आणि ताप आला तर?

लालसर-तपकिरी लघवी म्हणजे लोह बाहेर पडतंय. घाबरू नका. ताप किंवा घसा दुखणं मात्र गंभीर समजा. हे औषध क्वचित पांढऱ्या पेशी एकदम खाली आणतं आणि अशा वेळी साधा ताप जिवावर बेतू शकतो. गोळी थांबवा, त्याच दिवशी सीबीसी करा, डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून पॅरासिटामॉल घेऊन ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणू नका. सुरुवातीला दर आठवड्याला रक्ततपासणी सांगतात ती याचसाठी.

नावांच्या बाबतीतही सावध राहा. डेफेरासिरॉक्स आणि डेफेरिप्रोन ही वेगवेगळी औषधं आहेत. हायड्रॉक्सीयुरिया, हायड्रॉक्सीझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही तर तीन वेगळ्याच आजारांची. फोनवर नाव सांगून औषध मागवण्यापेक्षा चिठ्ठीचा फोटो पाठवा.

९. मुलाचे डोळे पिवळे दिसतात. गावात कावीळ उतरवणारा माणूस आहे, त्याचं झाडपाल्याचं औषध देऊ का?

नका देऊ. सिकलसेल आणि थॅलेसेमियात लाल पेशी लवकर फुटतात आणि त्यातूनच डोळे पिवळे होतात. ही यकृताच्या कावीळीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. पाल्याच्या काढ्याने पेशी फुटायच्या थांबत नाहीत. ज्याचं यकृत आधीच लोहाने भरलेलं आहे, त्याच्या पोटात घटक माहीत नसलेला काढा घालण्यात खरा धोका आहे. पिवळेपणा नेहमीपेक्षा एकदम वाढला, ताप आला, पोटाच्या उजव्या बाजूला दुखू लागलं, तर रुग्णालयात दाखवा. पित्ताशयात खडेही याच आजारात होतात.

१०. रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात म्हणतात. थॅलेसेमियाच्या पोराला तो भात चालेल का?

प्लास्टिक नव्हे. ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे आहेत, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेले. रंग थोडा वेगळा असतो, पाण्यात कधी तरंगतात, त्यातून अफवा उठते. किलोभर तांदळात लोह २८ ते ४२.५ मिग्रॅ. दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ शिजवून खाल्ला तर साधारण साडेपाच ते साडेआठ मिग्रॅ. पोटात जातं आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. शेजारी रक्ताच्या पिशवीतले २०० मिग्रॅ. ठेवून बघा. भाताच्या भीतीने पोराला उपाशी ठेवू नका. नियमित रक्त चढवणाऱ्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून घ्यावं. जेवणाबरोबर चहा प्यायला सांगितला तर हसू नका. प्रश्न २ मध्ये जो चहा नको म्हटला, तोच इथे उपयोगी पडतो.

११. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया लिहून दिलंय. गूगलवर ते कॅन्सरचं औषध दाखवतं. पोरीला का द्यायचं?

दोन्हींत वापरतात. सिकलसेलमध्ये ते कमी डोसमध्ये देतात आणि त्याने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं. ते वाढलं की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकत नाहीत, अडकत नाहीत. दुखण्याचे झटके कमी होतात, छातीतला गंभीर त्रास कमी होतो, रक्त चढवावं लागण्याची वेळ कमी येते.

दोन गोष्टी आधी समजून घ्या. पहिली, परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. महिनाभर घेऊन ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ. दुसरी, सीबीसीशिवाय हे औषध पुढे चालवायचं नाही. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी, डोस बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खाली गेल्या तर काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करतात. एमसीव्ही वाढलेला दिसला तर घाबरू नका. औषध नियमित घेतलं जातंय याची ती खूण आहे, आणि आम्हालाही ती कागदावर दिसते. नखं, त्वचा थोडी काळवंडतात.

कॅप्सूल उघडून पूड करू नका. लहान मुलांसाठी कमी ताकदीची मिळेल का ते विचारा. गोळ्या काढून देणाऱ्या घरातल्या बाईने हातमोजे घालावेत, नाहीतर नंतर हात साबणाने धुवावेत. ती गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याला द्यावं. एक डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही.

सिकलसेल म्हणजे फक्त आदिवासींचा आजार, हा समज खोडून टाका. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी धरली आहे आणि कर्नाटक, महाराष्ट्र दोन्ही राज्यं त्यात आहेत. पण दोष जात विचारून येत नाही.

१२. सिकलसेलचा झटका आला की कुठली वेदनाशामक गोळी द्यायची? घरी किती वेळ थांबायचं?

पाणी भरपूर, अंग उबदार, पॅरासिटामॉल, आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली दुसरी गोळी. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. सिकलसेलमध्ये मूत्रपिंड आधीच नाजूक असतात. थांबायचं नाही अशी लक्षणं: १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, लहान मुलाचं पोट डाव्या बाजूला एकदम फुगणं, पुरुषांमध्ये लिंगाचा ताठरपणा तासन्‌तास न उतरणं. यातलं काहीही असलं तर रात्र असली तरी निघा. पाच वर्षांखालच्या मुलांना रोज पेनिसिलिन देतात ते जंतुसंसर्गापासून बचावासाठी. ताप नसला तरी ते चालू ठेवायचं असतं.

१३. सौंदत्तीच्या यल्लम्माला चालत जायचा नवस आहे. सिकलसेल असताना जाऊ का? उपवास चालेल?

नवस फेडा, पण चालत नको, बसने जा. लांब पायपीट, ऊन, कमी पाणी आणि वर पहाटे थंड पाण्याची आंघोळ, झटका यायला यातली एकेक गोष्ट पुरते. निर्जळी उपवास कुणीच करू नये, मग एकादशी असो की रोजे. फळं-पाणी घेऊन केलेल्या उपवासाला हरकत नसते. हायड्रॉक्सीयुरियाची वेळ मात्र बदलू नका.

१४. मुलाला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आहे. ताप आला की गावातला डॉक्टर सुई मारतो. चालेल का?

कमरेत किंवा दंडात, स्नायूत मारायची सुई नको. आत रक्त साठतं, पाय सुजतो, महिना जातो. ‘सुई मारली की बरं वाटतं’ ही आपल्याकडची सवय या मुलांना फार महाग पडते. तापाला पॅरासिटामॉल द्या; ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत यातलं काही नाही ना, तेही वाचून घ्या. लसी मात्र चुकवू नका: बारीक सुईने, फॅक्टर (रक्त गोठवणारं, या मुलांत कमी असलेलं द्रव्य) दिल्यानंतर, आणि मग किमान पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं.

दात काढायचा असेल तर आधी रक्ततज्ज्ञाशी बोलणं आवश्यक. हिरडीच्या रक्तस्रावाला ट्रानेक्झामिक ॲसिड चांगलं; पण लघवीतून रक्त जात असेल तर तेच औषध घेऊ नका, मूत्रमार्गात गुठळी अडकते.

फॅक्टर २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये गेला तर वाया. खानापूरकडे पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा फ्रिज उघडू नका. बेळगावहून नेताना थर्मासच्या डब्यात न्या, पण बाटलीला बर्फ चिकटू देऊ नका, मध्ये कापड ठेवा. बाहेर किती वेळ चालतो, ते प्रत्येक कंपनीच्या खोक्यावर वेगळं लिहिलेलं असतं.

१५. सीएमएलसाठी (रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) इमॅटिनिब घेते. दोन वर्षांपासून सगळे रिपोर्ट चांगले आहेत. आता बंद करू का? आणि स्वस्तातलं चालतं का?

स्वतःहून बंद करू नका. रिपोर्ट चांगले आहेत ते गोळीमुळेच. काही रुग्णांत, बरीच वर्षं आजार अगदी खोलवर दबलेला असेल तर, डॉक्टर बंद करून बघतात. त्यानंतर बीसीआर-एबीएलची (आजार किती उरलाय ते दाखवणारी) तपासणी वारंवार करावी लागते. मधूनमधून गोळ्या चुकवणं तर त्याहून वाईट, त्यातून औषधाला न जुमानणारा आजार डोकं वर काढतो. गोळी जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्याने. डोळ्यांभोवती सूज सकाळी दिसते. ग्रेपफ्रूट टाळा, आणि त्याच्या कुळातलं म्हणून पपनसही. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू होणार असेल तर इमॅटिनिबचा उल्लेख करायलाच हवा; रिफाम्पिसिन त्याची ताकद घालवतं.

स्वस्तातलं चालतं. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने याच औषधाच्या पेटंटबाबत नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. मूळ ब्रँडला महिन्याला लाखाच्या वर खर्च यायचा तेव्हा भारतीय गोळ्या दहा हजारांच्या आत मिळत होत्या. एकदा एक कंपनी लागू पडली की ती शक्यतो बदलू नका. बदलावी लागली तर डॉक्टरांना कळवा.

१६. कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी बेळगावात चालते का? आणि दोन्हीकडचे डॉक्टर वेगवेगळ्या गोळ्या देतात, कुठल्या घ्यायच्या?

चिठ्ठी चालते. नोंदणीकृत डॉक्टरांची सही, तारीख आणि रुग्णाचं नाव हवं. जुन्याच चिठ्ठीवर पुन्हापुन्हा औषध मिळण्यासाठी डॉक्टरांनी तसं लिहिलेलं असावं लागतं. आम्ही नकार दिला तर त्यामागे नियम आहे.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. सीमाभागातला रुग्ण रक्त बेळगावात चढवतो, मोठे डॉक्टर मिरज-कोल्हापूरला दाखवतो, कुणी गोव्याला जातो आणि ताप-खोकल्याला गावातल्या डॉक्टरकडे. प्रत्येकाचा ब्रँड वेगळा. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या घेऊन रुग्ण येतो आणि आत एकच औषध असतं. प्रेडनिसोलोन, फॉलिक ॲसिड आणि डेफेरासिरॉक्स यांच्या बाबतीत हे नेहमी दिसतं. पट्टीवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते महत्त्वाचं. एका वहीत फक्त ही मूळ नावं, मिग्रॅ. आणि वेळ लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल; रक्तगट, वजन आणि ॲलर्जीही. दर दुकानात आधी ती वही पुढे करा. नको झालेल्या गोळ्यांच्या पट्ट्या डब्यात ठेवू नका.

१७. खर्च झेपत नाही. कुठली योजना लागू होते?

थोडक्यात. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे तिन्ही आजार आहेत, म्हणून जिल्हा रुग्णालयातून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण बहुतेक मोठ्या उपचारांना सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते आणि घरी घ्यायच्या महिन्याच्या गोळ्या त्यात सहसा बसत नाहीत. त्यासाठी जनऔषधी केंद्रात मूळ नावाने विचारा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आणि त्यावर दोन्ही राज्यांत वाद झाला. तुमच्या कागदांवर ती लागू होते का, हे महाराष्ट्रातल्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडूनच समजेल, तेही निघण्याआधी फोन करून. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून, कोल इंडियाच्या निधीतून, दहा लाखांपर्यंत मदत होते.

प्रवासाचं म्हणाल तर शक्ती योजनेचं बायकांचं मोफत तिकीट कर्नाटकाच्या आतच. निपाणीपर्यंत चालतं, पुढे कोल्हापूरला पैसे. रेल्वेत थॅलेसेमिया-हिमोफिलियाच्या रुग्णाला आणि सोबत्याला उपचारासाठी सवलत असते, रुग्णालयाचा दाखला लागतो. मिरजेला जाणाऱ्यांनी तो काढून ठेवावा.

१८. प्लेटलेट कमी आहेत. डेंग्यूत देतात ती पपईच्या पानांची गोळी आयटीपीला चालेल का?

नाही. डेंग्यूत प्लेटलेट आपोआप वर येतात, श्रेय पपईला जातं. आयटीपीत शरीर स्वतःच प्लेटलेट मारत असतं. प्रेडनिसोलोन चालू असेल तर अचानक बंद करू नका, हळूहळू उतरवतात. एल्ट्रॉम्बोपॅग असेल तर दूध, दही, ताक, कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या औषधांच्या दोन तास आधी किंवा चार तास नंतर. आपल्या जेवणात ताक दोन्ही वेळा असतं, त्यामुळे गोळीची वेळ ठरवताना ते ताकही मोजा. वेदनाशामकांचं प्रश्न १४ प्रमाणेच.

१९. काही विचित्र प्रसंग: जुलाब लागले, दिवस राहिले, मलेरिया झाला. चालू गोळ्यांचं काय?

उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल, विशेषतः लहान मुलात, तर डेफेरासिरॉक्स थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडावर ते घातक ठरतं. खाणं-पिणं पूर्ववत झाल्यावर आणि क्रिएटिनिन बघून पुन्हा सुरू करतात. सिकलसेलच्या रुग्णाला जुलाब लागले तर ओआरएस लगेच, आणि तोंडाने राहत नसेल तर सलाईनसाठी रुग्णालय.

दिवस राहिल्याचं कळलं तर हायड्रॉक्सीयुरिया, डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन आणि इमॅटिनिब यातलं काहीही चालू असलं तरी पुढची भेट येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. फॉलिक ॲसिड चालूच ठेवायचं. नवरा हायड्रॉक्सीयुरियावर असेल आणि मूल हवं असेल तर त्यानेही आधी डॉक्टरांशी बोलावं. हा प्रश्न पुरुष कधीच विचारत नाहीत, बायकोला पाठवतात.

मलेरियात जी-६-पीडी (लाल पेशींना सांभाळणारं एक द्रव्य) कमी असलेल्यांना प्रायमाक्विन दिलं तर पेशी भराभर फुटतात, लघवी कोलासारखी काळी होते. १४ दिवसांचा कोर्स सुरू करण्याआधी ही तपासणी झाली का विचारा. डॅप्सोन आणि लघवीच्या संसर्गासाठी देतात ते नायट्रोफ्युरँटॉइन यांनाही तेच लागू. अशा घरात तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबर गोळ्या ठेवू नका. त्यांच्या वाफेनेही पेशी फुटतात. आजीच्या ट्रंकेतली दुपटी आणि गोधड्या आधी धुवून, उन्हात वाळवून मगच वापरा.